दुपारच्या ताटात बिस्किटे? शालेय पोषण आहारातल्या एका प्रस्तावाचे प्रकरण

२००७ च्या अखेरीपासून २००८ च्या सुरुवातीपर्यंत केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयात खासदारांच्या पत्रांचा ओघ लागला होता. पत्रे वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांची, पण मागणी एकच: सरकारी शाळांतल्या मुलांना दुपारी शिजवलेल्या अन्नाऐवजी बिस्किटे द्यावीत. पत्रांमधले मुद्देही सारखेच होते, आणि त्याला कारण होते. देशातल्या बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने सर्व खासदारांना पत्र पाठवून मंत्र्यांकडे बिस्किटांची बाजू मांडण्याची विनंती केली होती. सोबत बिस्किटांच्या पौष्टिकतेचे एक टिपणही जोडले होते. बऱ्याच खासदारांनी तेच मुद्दे उचलून आपल्या सहीनिशी पुढे पाठवले. अशी काही पत्रे नंतर माहितीच्या अधिकारात बाहेर आली.

हा प्रस्ताव मंजूर झाला नाही. पण तो का आला, कोणत्या कारणांनी पडला आणि पडल्यावरही पूर्णपणे का गेला नाही, हे नीट पाहिले पाहिजे. मुलांच्या खाण्यातल्या पाकिटबंद पदार्थांविषयी आपण बोलतो तेव्हा बोट बहुतेक वेळा आईकडे, डब्याकडे किंवा मुलाच्या हट्टाकडे जाते. सरकारी शाळेतल्या ताटात काय पडावे याचा निर्णय मात्र मंत्रालयात होतो, आणि तिथे त्याला बाजाराचे तोंडही असते.

बाजार केवढा होता? त्या सुमारास दुपारच्या जेवणाचा लाभ घेणारी मुले दहा कोटींहून अधिक होती. वर्षाला शाळेचे दोनशे दिवस धरले आणि दर दिवशी मुलामागे एक पुडा धरला, तर वर्षाला दोन हजार कोटी पुडे होतात. त्यातच ऑक्टोबर २००७ मध्ये शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांतल्या सहावी ते आठवीच्या वर्गांनाही योजना लागू झाली होती आणि पुढच्या वर्षी ती देशभर जाणार होती. एवढा मोठा, दर वर्षी हमखास मागणी करणारा आणि सरकारी पैशाने चालणारा ग्राहक दुसरा कोणता असणार? उत्पादकांनी प्रयत्न केला यात आश्चर्य नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांनी तो तपासून न पाहता पुढे सरकवला, हे मात्र मला आजही बोचते.

ज्या योजनेत बिस्किटे घालायची होती, ती शिजवलेल्या अन्नापर्यंत पोचायलाच खूप वेळ गेला होता. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार योजना २२ नोव्हेंबर १९९५ पासून आली. पण तेव्हा तमिळनाडूसारखे मोजके अपवाद सोडले तर कुठेच अन्न शिजत नव्हते. आपल्याकडे महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की मुलाला तीन किलो तांदूळ मिळायचा. पिशवी घेऊन मुले शाळेत यायची आणि तांदूळ घरी जायचा. घरी तो सगळ्यांच्या हंडीत पडायचा, आणि दुपारी वर्गात बसलेले मूल उपाशीच राहायचे.

बदल झाला तो न्यायालयातून. २००१ च्या एप्रिलमध्ये, राजस्थानात दुष्काळ पडलेला असताना आणि सरकारी गोदामांत धान्य सडत असताना, पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने राज्यांना बजावले: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेले जेवण द्या, ज्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असतील. तीन महिन्यांत निम्म्या जिल्ह्यांत आणि पुढच्या तीन महिन्यांत सगळीकडे. आदेशात ‘शिजवलेले’ हा शब्द मुद्दाम होता, कारण कोरड्या शिध्याचा अनुभव समोर होता. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने आणखी भर घातली: स्वयंपाकाचा खर्च पालकांकडून घ्यायचा नाही, आणि स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यायचे. २००६ मध्ये प्राथमिकसाठीचे प्रमाण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांवर नेण्यात आले.

म्हणजे बिस्किटांचा प्रस्ताव आला तेव्हा अनेक राज्यांत चूल पेटून जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. स्वयंपाकघरे अर्धवट होती, धूर वर्गात येत होता, भांडी उसनी आणली जात होती आणि शिक्षक कंटाळले होते. पाकिटाला अशाच वेळी वाट मिळते.

आता पोषणाचा हिशेब मांडू, कारण उत्पादकांची भिस्त त्यावरच होती.

प्राथमिकच्या एका मुलासाठी रोजचे ठरलेले प्रमाण आहे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. २० ग्रॅम मूगडाळीतून सुमारे ७० कॅलरी आणि पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने. तेलाच्या ४५ कॅलरी, वर भाजीची थोडीफार भर. बेरीज ४५० च्या पुढे जाते आणि प्रथिने १२ ग्रॅमपर्यंत पोचतात. शिवाय तांदळातल्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो तो डाळ पुरवते, आणि डाळीत जे कमी पडते ते तांदूळ भरून काढतो. आपल्या आज्यांनी खिचडी आणि वरणभात लायसिनचे नाव न ऐकताच मांडले होते.

साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्येही साधारण ४५० कॅलरी असतात. इथेच फसगत होते. कॅलरीच्या रकान्यात दोन्ही बरोबरीत दिसतात. पण त्याच १०० ग्रॅममध्ये प्रथिने सातच्या आसपास, तीही मुख्यतः मैद्याची, म्हणजे लायसिन कमी असलेली. आणि साखर जवळपास पाव भाग, २५ ग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १७०० च्या आसपास कॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेतून त्यातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसभराची मर्यादा साधारण ४२ ग्रॅम. तिचा निम्म्याहून जास्त वाटा दुपारच्या एका बैठकीत संपला. आणि १०० ग्रॅम बिस्किटे रोज देणार तरी कोण? प्रत्यक्षात हातात पडणार तो लहान पुडा, म्हणजे कॅलरीही अर्ध्यामुर्ध्याच. लोह आणि जीवनसत्त्वे मिसळून ‘पोषणयुक्त’ केले तरी डाळ, भाजी आणि पोटभर होण्याची जागा ती भुकटी घेत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रक्रिया या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. खिचडीचा तांदूळ गिरणीत टरफल काढून आलेला असतो, तेल घाण्यातून किंवा कारखान्यातून येते, मिठात आयोडीन घातलेले असते. साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाची जी विभागणी रुजवली, ती प्रक्रिया किती आणि कशासाठी झाली हे विचारते. दळणे, कांडणे, वाळवणे, आंबवणे एका बाजूला. मैदा, साखर, पाम तेल, साखरेचा पाक, तेल-पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर आणि कृत्रिम स्वाद एकत्र करून घरच्या स्वयंपाकघरात होणार नाही असा पदार्थ तयार करणे दुसऱ्या बाजूला. याला अतिप्रक्रिया केलेले अन्न म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस प्रौढांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न देऊन पाहिले. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मेद आणि तंतू सारखेच होते. तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसे दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होती. प्रयोग छोटा होता आणि मोठ्या माणसांवर होता, पण रकान्यातले आकडे जुळवून पदार्थ सारखे ठरत नाहीत हे त्याने दाखवले.

शाळेतल्या जेवणाचे काम पोषणाच्या तक्त्यात मावत नाही. फर्झाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात केलेला अभ्यास शिजवलेले जेवण सुरू होतानाच्या काळातला आहे. त्यात दिसले की मुलांच्या रोजच्या प्रथिनांची तूट जेवणामुळे भरून निघाली आणि कॅलरींची तूट सुमारे ३० टक्क्यांनी घटली. घरचे लोक ‘शाळेत जेवलास ना’ म्हणून संध्याकाळचे ताट फारसे आखडते घेत नव्हते, हेही त्यातून कळले. पहिलीतल्या मुलींची हजेरी दहा टक्के-बिंदूंहून जास्त वाढली. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने याहून पुढचे दाखवले: ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळाले होते, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांमध्ये खुरटेपण कमी आढळले.

आणि पंगत. एका ओळीत, एकाच पातेल्यातले, दलित बाईंनी रांधलेले अन्न सगळ्या जातींच्या मुलांनी खायचे. यावरून अनेक गावांत वाद झाले, पालकांनी मुलांना जेवू नका म्हणून सांगितले, स्वयंपाकी बदलण्यासाठी दबाव आले. हे वाद होतात म्हणजे जेवण एका अवघड ठिकाणी हात घालते आहे. पाकिटाने हा वाद मिटतो, कारण ते कोणी रांधले हे दिसतच नाही. मला हा पाकिटाचा गुण वाटत नाही. देशभरात सुमारे २५ लाख स्वयंपाकी आणि मदतनीस या योजनेत काम करतात, त्यातल्या बहुतेक गावातल्या गरीब बायका. बिस्किटे आली असती तर त्यांच्या हातचे काम कारखान्याकडे गेले असते, आणि कांदा, भाजी, कडधान्याची गावातली थोडीफार खरेदीही थांबली असती.

बिस्किटांच्या बाजूचा खरा, वजनदार मुद्दा एकच आहे: सुरक्षितता. तो हसण्यावारी नेऊ नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. त्यानंतर ‘पाकिटबंद द्या, निदान मुले मरणार तरी नाहीत’ असे लोक पुन्हा म्हणू लागले, आणि ज्या आईबापांनी हे म्हटले त्यांना दोष देता येत नाही. पण तिथे नेमके काय चुकले ते पाहावे. धान्य-तेल ठेवायला शाळेत जागा नव्हती, सामान मुख्याध्यापिकेच्या घरी ठेवले गेले, आणि स्वयंपाक करणारीने तेलाला विचित्र वास येतो म्हणून सांगितले तरी तिचे ऐकले गेले नाही. कोठीखोली, बंद डबे, आधी मोठ्या माणसाने चव घेऊन नोंद करायची आणि मगच मुलांना वाढायचे, यातली प्रत्येक गोष्ट लिखित नियमात आहे किंवा सहज करता येण्यासारखी आहे. चव नोंदवही महाराष्ट्रातल्या शाळांतही असते. ती रोज भरली जाते की शनिवारी एकदम, यावर मुलांचा जीव अवलंबून असतो. स्वयंपाकघर असुरक्षित असेल तर ते सुरक्षित करावे लागते. ते बंद करून कारखान्याला ठेका देणे हा उपाय सांगणाऱ्याचा त्यातला फायदा तपासला पाहिजे.

प्रस्ताव कसा पडला, याची गोष्ट या सगळ्यात मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. मंत्री अर्जुन सिंह यांच्या मंत्रालयाने खासदारांची पत्रे फाईलबंद केली नाहीत आणि मान्यही केली नाहीत. प्रस्ताव राज्य सरकारांकडे आणि पोषणतज्ज्ञांकडे मतासाठी पाठवला. राज्यांकडून उत्तरे आली ती बहुतेक सगळी विरोधातली. ज्यांना ही योजना रोज चालवायची होती, चुलीची, गॅसची, मानधनाची डोकेदुखी ज्यांची होती, त्यांनाच बिस्किटे नको होती. एका मुख्यमंत्र्यांनी प्रस्तावाला अनुकूलता दाखवली, तेव्हा मंत्र्यांनी त्यांना लिहिलेले पत्र स्पष्ट होते: आधी शिजवून ठेवलेल्या अन्नाची मागणी मुख्यतः पाकिटबंद अन्नाच्या पुरवठादारांकडून येते आहे, तिचा हेतू अशा पदार्थांची बाजारपेठ रुंदावणे हा आहे, आणि याचा आम्हाला खेद वाटतो. सरकारी भाषेत इतके सरळ वाक्य क्वचित लिहिले जाते. पाठीशी सर्वोच्च न्यायालयाचा ‘शिजवलेले’ हा शब्द होता, म्हणून ते लिहिता आले असे मला वाटते. आणि माहितीचा अधिकार होता म्हणून कोणत्या खासदाराने काय लिहिले ते लोकांसमोर आले.

शाळेत हे टळले. अंगणवाडीत, म्हणजे त्याच मुलांच्या धाकट्या भावंडांकडे, नेमके उलट घडत गेले, आणि त्यात महाराष्ट्र पुढे होता. ठेकेदार नकोत, गावचे बचत गट आणि महिला मंडळे यांना काम द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितले होते. आपल्याकडे तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या घरी न्यायच्या आहाराचे, टीएचआरचे, प्रचंड ठेके मोजक्या ‘महिला मंडळां’कडे गेले, ज्यांच्यामागे खासगी कंपन्या असल्याचे न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी निदर्शनास आणले. उपमा, शिरा, सत्तूच्या भुकटीची पाकिटे गावोगाव पोचली. मुले ती खात नाहीत, जनावरांना घातली जातात, ही तक्रार मेळघाटापासून पालघरपर्यंत वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. शेवटी २०१६ च्या निविदा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या. हे वेगळे प्रकरण आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवे. इथे सांगायचे एवढेच की शाळेत खासदारांच्या सह्या घेऊनही न जमलेली गोष्ट अंगणवाडीत निविदेतल्या अटींमधून जमली.

२०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला तेव्हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा दुपारच्या मोफत जेवणाचा हक्क कायद्यात गेला, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याच कायद्यात ‘जेवण’ या शब्दाची व्याख्या करताना गरम शिजवलेल्या अन्नासोबत ‘आधी शिजवलेले आणि वाढण्यापूर्वी गरम केलेले’ असाही पर्याय घातला आहे. दार पूर्ण उघडलेले नाही, पण फट ठेवली आहे. ब्राझीलने याच काळात दुसरी वाट घेतली. तिथल्या २००९ च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठीच्या केंद्रीय पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च करायचे ठरवले. २०२० च्या नियमांनी प्रक्रिया केलेल्या आणि अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवरच्या खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा घातली. ती २०२५ मध्ये १५ वर आली आणि २०२६ पासून १० टक्के झाली. आपल्याकडे कॅलरी आणि प्रथिनांची किमान पातळी आहे, पाकिटबंद पदार्थांवर अशी कमाल मर्यादा नाही. ती असावी असे माझे ठाम मत आहे. महाराष्ट्राच्या योजनेत आठवड्यातून एकदा द्यायच्या पूरक आहारात केळी, अंडी, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू यांच्याच रांगेत बिस्किटेही बसलेली असत. मुख्याध्यापकाला सगळ्यात सोपे काय पडणार? आणायला, मोजायला, वाटायला आणि बिल लावायला बिस्किटाचा पुडाच.

शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीबद्दल थोडक्यात. मेद, साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पाच रुपयांच्या कुरकुऱ्या मात्र तशाच लटकलेल्या दिसतात. नियम राबवायलाच हवा. पण ज्या मुलाचे दुपारी पोट भरलेले असते ते टपरीकडे कमी वळते, आणि ते पोट भरणे सरकारच्या हातात आहे.

त्यासाठी पैसे किती? २००६ मध्ये प्राथमिकच्या मुलामागे स्वयंपाकाचा खर्च दिवसाला दोन रुपये धरला होता. मे २०२५ पासून तो ६ रुपये ७८ पैसे आहे, आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. धान्य केंद्राकडून वेगळे येते, पण डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन एवढ्यातच. ग्रामीण महाराष्ट्रात धान्यादी माल पुरवठादाराकडून येतो आणि इंधन-भाजीपाल्याचे पैसे शाळेकडे येतात, पुष्कळदा महिन्यांच्या उशिराने. तोवर दुकानदाराची उधारी मुख्याध्यापकाच्या नाहीतर बचत गटाच्या नावावर. त्या उधारीत आधी भाजी पातळ होते, मग डाळ. पिवळ्या पाण्यात तरंगणारी शिते पाहून पालक म्हणतात, याच्यापेक्षा बिस्किट बरे. २००८ मध्ये उत्पादकांना पत्रे लिहावी लागली होती. खिचडी अशीच पातळ होत राहिली तर पुढच्या वेळी मागणी पालकच करतील.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे आणि जी मुले अंडी खात नाहीत त्यांना केळे द्यायचे ठरवले, तेव्हा हे उलट दिशेने जाईल असे वाटले होते. अंड्याला लेबल लागत नाही, त्यात भेसळ करता येत नाही आणि मोजायला सोपे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. अंडे आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले, हवे असतील तर लोकसहभागातून उभे करा असे शाळांना सांगितले गेले. पुण्यालगतच्या गावात एखादा दाता तिथी भोजन देईल, परसबागेला पाइप आणून देईल. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावर लोकसहभाग कोणाकडून मागायचा? आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईंसाठी केंद्राने ठरवलेले मानधन २००९ पासून महिना १००० रुपयांवर आहे, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने आपल्या खिशातून भर घालून ते २५०० वर नेले आहे. केंद्राच्या आकड्यात त्यानंतर एका रुपयाचीही वाढ झालेली नाही.